फोनवरची खूण

गणपतीत घरचं इंटरनेट कायमचं बंद पडलं, तेव्हा आमच्या समीरने स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून माझा फोन त्याला जोडून दिला. म्हणाला, "पासवर्ड एकदाच टाकायचा, बाबा. पुढच्या वेळी मी जवळ आलो की आपोआप जोडला जाईल."

गेल्या महिन्यात एका दुपारी पेपर चाळत होतो, तर फोनवर ती पंख्यासारखी खूण उमटली. खाली समीरचं नाव. नातू गाडीत कार्टून बघतो, म्हणून याचा हॉटस्पॉट कायम चालू. मी बायकोला हाक मारली, "आधण ठेव गं, समीर आलाय!"

बेल काही वाजली नाही. गॅलरीतून पाहिलं. खालच्या डेअरीतून श्रीखंडाचे डबे घेऊन तो गाडीत बसला, गाडी वळली आणि खूण विझली.

पूर्वी मुलं दारावरून परस्पर निघून गेली, तर आईबापांना कळायचं नाही. तेवढी तरी दया होती. आता माणूस जिन्याच्या तोंडाशी येऊन गेला हे यंत्र इमानाने सांगतं. त्याला जिना चढायला लावणं मात्र यंत्राच्या हातात नाही.

"कुठाय समीर?" हिने विचारलं.

"फोन चुकून जोडला गेला असेल."

रात्री समीरचा फोन आला. "तिकडे यायला जमतच नाही हो, बाबा."

"असू दे," मी म्हटलं.

काल आंघोळ करून बाहेर आलो, तर ही माझ्या फोनकडे टक लावून बघत होती. मला पाहताच तिने तो उपडा ठेवला.

"काही नाही," ती म्हणाली. "चुकून जोडला गेला असेल."