कधीच न भरणारी टाकी

"फरशी फोडायची न्हाई म्हंजे न्हाई!" माधवराव सेप्टिक टँकच्या झाकणावर खुर्ची टाकून बसले होते.

मी नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक. माधवरावांना घरावर मजला चढवायचा होता. परवानगीआधी टाकी तपासायची, हा नियम. झाकण उघडता आलं पाहिजे. यांनी त्याच्यावरच चकचकीत फरशी बसवलेली.

"उघडून काय बघायचंय मॅडम? पोराच्या लग्नाआधी बांधली. आता नातू चालायलाय. एकदाबी उपसली न्हाई. भरतच न्हाई! लय मजबूत काम हाय."

टाकीतलं पाणी पुढे शोषखड्ड्यात जातं, पण गाळ तळाशी साचतो. दोन-तीन वर्षांनी तो उपसावाच लागतो. उपसावा लागत नाही, म्हणजे टाकीला तळच नाही. घाण सरळ जमिनीत. आणि चार पावलांवर यांचा बोर! सून त्याचंच पाणी नातवाला पाजत होती.

"बाळ आजारी पडतं का गं?" मी सुनेला विचारलं.

"सारखं सलाईन लागतंय. दात यायलेत म्हणून पोट बिघडतंय म्हणत्यात समदे."

तेवढ्यात माधवरावांनी आमच्या साहेबांना फोन लावून माझ्या हातात दिला.

"मॅडम, ओळखीतले आहेत. वरून बघा आणि करून टाका सही."

"सर, वरून फरशी दिसते. फरशी छान आहे. सही नाही होणार."

मागे वळले तर सून पहार घेऊन उभी. "मामा, उठा," ती सासऱ्यांना म्हणाली. ते उठले.

तिने फरशी फोडली, झाकण निघालं. मी लांब बांबू आत घातला. तळाला ठक्क आवाज यायला हवा होता. बांबू नुसता मातीत रुतत गेला.

माधवरावांनी बांबू स्वतः रुतवून बघितला. "मिस्त्रीला मीच म्हणलं होतं, भरू नये अशी बांध." नातवाकडे त्यांना बघवेना. मग स्वतःच गेले आणि बोरच्या मोटरीची वायर काढून टाकली.

अशी मागणी सगळेच करतात. न भरणारी टाकी पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात. मला अशा टाक्यांचा भयंकर राग येतो.

बोरच्या पाण्याचा नमुना लॅबमध्ये नापास झाला. घरात नळाचं पाणी उकळून प्यायला लागले, काँक्रीटचा तळ घालून टाकी नव्याने बांधली, मगच मी सही केली. नातवाचं सलाईन थांबलं.

त्याला आता दोन वर्षं झाली. परवा माधवरावांचा फोन आला. चिडले होते.

"मॅडम, टाकी भरली की हो!"

"अभिनंदन," मी म्हणाले. "आता उपसायला गाडी बोलवा."