कडुनिंबाखालचं गवत आणि खुंटीवरची पिशवी

फोन आला तेव्हा मी अमरावतीला मुलीकडे होतो. पलीकडून माझी बायको सुनंदा बोलत होती. रडत नव्हती, उलट चकित झाल्यासारखी वाटली. "मोठेबाबा गेले हो... गवताले पाणी देलं, पाइप गुंडाळून ठेवला, खुर्चीत बसले अन् गेले." मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. पाइप गुंडाळल्याशिवाय बसायचं नाही हा त्यांचा नियम, आणि तो त्यांनी शेवटपर्यंत पाळला.

चार वर्षांपूर्वी ते हिवरखेडहून अकोल्याला आमच्याकडे आले. त्यांच्या पत्नी, आमच्या मोठ्याई, गेल्या होत्या, गुडघे थकले होते, वावर, म्हणजे शेत, दुसऱ्याला वाहायला दिलं होतं. सोबत एक कापडी पिशवी. ती त्यांनी खोलीत नेलीच नाही, ओसरीतल्या खुंटीला अडकवली. दर रविवारी ती खाली काढायचे. "जाऊन राहिलो मी हिवरखेडले. इथं मले काम काय?" तिथल्या रिकाम्या घरात त्यांना पाण्याचा पेला कोण देणार होतं?

त्याच सुमारास मला लॉनचं खूळ लागलं होतं. निवृत्त मास्तरला काहीतरी खूळ लागतंच. अंगणात कडुनिंबाचं मोठं झाड आहे. त्याखाली मी दोनदा हरळी लावली आणि दोनदा तिथं टक्कल पडलं. शेवटी बाळापूरचे सलीमभाई, ज्यांची शहरात नर्सरी आहे, ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत वाढणारं रुंद पानाचं गवत घेऊन आले आणि संध्याकाळी वीतभर अंतरानं त्याच्या कांड्या लावून गेले. सकाळी उठून बघतो तर जमीन लख्ख! एकूण एक कांडी उपटून शेजारच्या गाईला घातलेली, आणि मोठेबाबा खुरपं धुताहेत. "मास्तर झाले तं काय झालं, घरात एवढं तण माजू देता काय रे?"

माझं डोकं फिरलं. "मोठेबाबा, ते तण नव्हतं, लॉन होतं!" ज्या माणसानं साठ वर्षं पऱ्हाटीतलं, म्हणजे कपाशीतलं, गवत उपटलं, त्याला कोणी गवत मुद्दाम लावतं हे कळावं तरी कसं? कळलं तेव्हा मात्र चेहरा पडला. गुपचूप पिशवी काढली. त्या दिवशी रविवार नव्हता, म्हणून मी खरंच घाबरलो. माझ्या ओरडण्याची मला अजून लाज वाटते.

वाचवलं सलीमभाईंनी. त्यांनी नव्या कांड्यांची गोणपाटं ओसरीत टाकली आणि ते हसत म्हणाले, "काकाजी, जिसने उखाडा, वही लगाएगा. तुमचा हात मातीले वळखते, माहा नाही."

मोठेबाबा थांबले. दोन दिवस नुसते झाडाखाली बसून राहिले. ऊन कुठं कुठं उतरतं तिथं खडे ठेवत गेले. मग म्हणाले, "वावराच्या धुऱ्यावरच्या झाडाखाली पऱ्हाटी काहून येत नाही? झाड वरून ऊन खाते अन् खालून पानी पिते. झाडाचं अन् गवताचं, दोघांचंही पोट भरलं पाह्यजे." खालच्या थोड्या फांद्या विरळ करून घेतल्या. "केस कापा, टक्कल करू नका," अशी वर ताकीद. मुळ्यांना खुरपं लागू दिलं नाही. वरूनच दोन बोटं शेणखत-माती पसरली आणि बुंध्याभोवती मोकळं गोल सोडलं, ते झाडाचं अंगण. मग एकेक कांडी स्वतः लावली.

गवत लागलं! फाल्गुनात कडुनिंबाची पानं गळत, तेव्हा रोज सकाळी ते वेताच्या बुटक्या मोड्यावर बसून पानं वेचायचे, कारण पानांखाली गवत गुदमरतं. मे महिन्यात गल्लीतल्या सगळ्यांची लॉनं करपली, आमचं हिरवंगार. मग काय विचारता... येणाऱ्या प्रत्येकाला चपला काढायला लावून ते दाखवलं जाई. "जिंदगीभर याले उपटलं राजेहो, अन् आता याचीच चाकरी करून राहिलो!" असं म्हणत स्वतःच खदखदून हसायचे.

पण रविवारची पिशवी काही सुटली नाही. ती खाली यायची, सुनंदा म्हणायची, "मोठेबाबा, पोळ्यापर्यंत तरी थांबा नं." पोळा झाला की दसरा, दसऱ्यानंतर संक्रांत. थोडे आढेवेढे घेऊन पिशवी पुन्हा खुंटीवर जायची. चार वर्षं आम्ही अशी त्यांची मनधरणी केली.

तेरावं झाल्यावर आम्ही ती पिशवी उघडली. वर देखाव्यापुरता एक जुना दुपट्टा, आणि खाली ठासून भरलेलं गोणपाट. सलीमभाईंचं, ज्यातून ते दुसऱ्यांदा गवत आलं होतं. धोतरं कधीचीच आतल्या कपाटात, घड्या घातलेली. म्हणजे पहिली कांडी लावली त्याच दिवशी म्हाताऱ्यानं ठरवलं होतं... आणि आम्ही चार वर्षं पाया पडत होतो! आधी सुनंदा हसली, मग मी, आणि हसता हसता दोघांचेही डोळे भरून आले.

पिशवी आम्ही रिकामी केली नाही. सकाळी पानं आता मी वेचतो, पाइपही गुंडाळून ठेवतो. आणि रविवारी चहा झाला की सुनंदा खुंटीकडे बघून म्हणते, "मोठेबाबा, पोळ्यापर्यंत तरी थांबा."