टांझानियाहून आलेला ट्रंककॉल

तार आली तेव्हा मी तुरीची डाळ पाखडत होते. टांझानियातल्या सरकारी दवाखान्यात दादा डॉक्टर होता, तिथंच त्याचं हृदय थांबलं. तिकडंच त्याला अग्नी दिला. आम्हाला त्याचं तोंडही दिसलं नाही.

आपलं सरकार त्या देशाला डॉक्टर पाठवणार असं कळलं, तेव्हा दादानं आपण होऊन नाव दिलं. तेही आपल्यासारखेच गरीब, आपण नाही तर कोण जाणार, असं तो म्हणे. मेडशीसारख्या खेड्यातल्या शाळेत शिकलेला आमचा दादा! टांझानियात रोज सकाळी तो वायरलेसपुढं बसे. लांबलांबच्या खेड्यांतल्या नर्स रोगी जवळ बसवून विचारत आणि हा बसल्या जागेवरून औषध सांगे. दम लागलेला रोगी असला की म्हणे, माइक त्याच्या तोंडाशी धरा, त्याला बोलू देऊ नका. नुसत्या श्वासावरून त्याला कळायचं. सुटीत हे सगळं तो इतक्या हौसेनं सांगे, की माय भाकरी थापायची थांबायची.

पुढं मायलाच दमा जडला. रिसोडच्या बाजारात जैन काकांचं अडत दुकान, फोन तिथं. दादानं कॉल लावल्याचा निरोप आला, तशी माय नवं लुगडं नेसून निघाली. काय काय सांगायचं ते वाटभर घोकत होती. पण दादा म्हणाला, "माय, बोलू नको. नुसता श्वास घे." बिचारी घेत राहिली. मग त्यानं मला गोळ्या बदलून सांगितल्या आणि कॉलची वेळ संपली. गोळ्यांनी उतार पडला, खोटं कशाला बोलू? पण घरी येताना माय म्हणाली, "डाक्टर भेटला वं फोनवर... लेक काई भेटला नाई."

पुढचा कॉल लागायच्या आत ती गेली. सुटीवर आल्यावर दादानं खोदून खोदून विचारलं, म्हणून मी त्याला मायचं ते बोलणं सांगितलं. तो ताटावरून उठला. त्यानंतर वायरलेसच्या गोष्टी त्यानं घरात कधी काढल्या नाहीत.

तार येण्याच्या थोडे दिवस आधी काकांनी मला बोलावलं. दादाच होता. दोन शब्द बोलला की थांबत होता, मध्ये नुसती घरघर... मायची सेवा केलेली मी, मला कळणार नाही?

"दादा, तुले दम लागून राह्यला काय?"

"ते राहू दे. तू बोल... घरचं सांग."

मग मी सांगत सुटले. गाय व्याली, माझ्या धाकटीचे दात पडले, लोणचं यंदा मायच्या हातासारखं जमलं. तो हूं हूं करत होता. मग तेही थांबलं. लाइन कधीची तुटली होती. तरी मी बोलतच होते... शेवटी काकांनी हळूच माझ्या हातातून फोन काढून घेतला.