रिकाम्या गावातला प्लेग

गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी, सगळा गाव शिवेबाहेर झोपड्यांत राहत असताना, मी एकटा गावात परत शिरलो. जायचं नसतं हे मला माहीत होतं.

आमच्याकडची रीत अशी. दर काही वर्षांनी देवाचा हुकूम झाला की तीन दिवस अख्ख्या गावाने घरं बंद करून, गुरं, कोंबड्या, कुत्रे घेऊन शिवेपलीकडे जायचं. मागे देव राहतो आणि ज्यांचं नाव काढायचं नसतं ते राहतात. चौथ्या दिवशी मानकरी देवळात जाऊन कौल लावतात. पाषाणावर पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर घरी चला, डावी पडली तर अजून एक दिवस झोपडीत. मध्येच कोणी आत पाऊल टाकलं तर डावीच पडते म्हणतात.

यंदा डावी पडून चालणार नव्हतं. माझ्या धाकट्या चुलतभावाच्या मुलीचा साखरपुडा परतण्याच्याच दिवशी संध्याकाळी घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, ठरला होता. वेंगुर्ल्याच्या मंडळींनी तो आधी दोनदा पुढे ढकललेला. नवरा मुलगा जहाजावर. दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार, मग वर्षभर तोंड दिसणार नाही. त्यामुळे भावाची बायको साखरपुड्याची साडी उशाला घेऊन झोपत होती आणि दिवसभर देवाशी पुटपुटत होती.

मी मात्र एका वेगळ्याच काळजीत होतो. मुंबईची नोकरी संपल्यापासून मी कथा लिहितो. तेव्हा एक विज्ञानकथा अडली होती. तिघे मुंबईकर कालयंत्रात बसून प्लेगच्या साली एका कोकणी गावात उतरतात. माणसं साथीला भिऊन रानात झोपड्या बांधून राहिलेली, आणि रिकाम्या घरांत परग्रहावरचे दोघे, ज्यांचं यान खाडीच्या चिखलात रुतलंय. भावाला मी ती ऐकवली.

"म्हणजे भायले लोक भायल्या लोकांका भेटतत," तो म्हणाला. "आणि गावचे?"

"ते प्लेगमुळे बाहेर."

"मगे गोष्टीत आसा कोण?"

मला वाटलं, अडचण एवढीच की रिकामं गाव मी कधी पाहिलेलं नाही. ते तर पाऊण मैलावर आयतं उभं होतं. पळणीचा नियम गावच्या माणसांना, मी पडलो गणपतीपुरता येणारा, म्हणजे भायलो, अशी मी स्वतःची समजूत घातली. जुना काळ अंगात भिनावा म्हणून पंचा नेसलो, खांद्यावर घोंगडी टाकली, हातात काठी घेतली आणि जेवणानंतर सगळे आडवे झाल्यावर शेतातून आत गेलो.

रिकामं गाव भयाण असेल असं वाटलं होतं. ते नुसतं अर्धवट होतं. दोरीवर कुणाची तरी विसरलेली बनियन. एका बंद घरात मोबाइल वाजत होता, बराच वेळ, मग दमून थांबला. वाचकाला घाबरवायला यातलं काहीच उपयोगी नाही, असा विचार करत मी पाणंदीच्या वळणावर आलो आणि समोर दोघे उभे. काळी, गोल, चकचकीत डोकी. चंदेरी अंगं. मग एकाने डोकं काढून काखेत धरलं. आत पुण्याची मुलगी निघाली.

देवबागला भाड्याने घेतलेल्या स्कूटरवरून, चंदेरी जाकिटं घालून, ती आणि तिचा नवरा विजयदुर्गला निघाले होते. नकाशाने जवळची वाट दाखवली आणि पेट्रोल आमच्या गावात संपलं. दिसेल त्या घराची कडी वाजवून झाली होती.

"काका, इथे माणसं राहत नाहीत का?"

"राहतात. सध्या बाहेर गेलीयत."

"सगळी?"

"कोंबड्यांसकट."

नवऱ्याने माझी घोंगडी खालपासून वरपर्यंत पाहिली. "काही साथबीथ आलीय का?"

इथे शहाण्या माणसाने नाही म्हणायचं असतं.

"प्लेग," मी म्हणालो.

"मग तुम्ही?"

"मी मागे राहिलो," मी आवाज खोल काढून म्हणालो.

ती हसतील, मग मी उलगडा करीन, कथेला दोन पात्रं मिळतील, असा माझा बेत. त्यांनी नाकाला रुमाल लावले आणि स्कूटर ढकलत अशी धूम ठोकली की बोलायला सवडच मिळाली नाही. तो रस्ता थेट आमच्या झोपड्यांपाशी जातो, हे मला ती दिसेनाशी झाल्यावर आठवलं.

मी शेतातून धापा टाकत पोचलो तेव्हा दोघं आमच्याच झोपडीपुढे चहा पीत होती. भोवती गाव जमलेला. मुलगी सांगत होती, "घोंगडी, हातात काठी, आणि खूप म्हातारे." एका बाईने हात जोडले. गावाची राखण करणारा देवचार असाच दिसतो, आणि पळणीत तो परक्यांना दिसला म्हणजे शुभच, अशी कुजबुज सुरू झाली होती. मी तिथेच मागे वळलो असतो तर आज देव झालो असतो.

"हेच ते," मुलगी म्हणाली.

भावाच्या बायकोने हातातली किटली खाली आदळली. भाऊ माझ्याकडे बघेना. पुतणी तेवढी बोलली, "काका, माझो साखरपुडो मोडून गोष्ट पुरी करतलास काय?"

मानकऱ्यांतले पहिले, म्हातारे गावकार, पुढे आले. माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. "भितर कित्याक गेलंस?"

"मी तसा भायलोच, काका."

"मगे शिवेवर पयलो नारळ कोणी ठेवल्यान? थोरल्या घराचो मान म्हणान भांडलंस तो कोण, तुझो भाऊ?"

पेट्रोल मिळाल्यावर पाहुणे निघून गेले. माझी जायची सोय नव्हती. पुढचे दिवस मला चहा मिळे, पण तो कोणीतरी न बोलता शेजारी ठेवून जाई. देव मानत नाही असं चारचौघांत सांगणारा मी, घोंगडी तोंडावर ओढून उजव्या पाकळीसाठी गयावया करत होतो.

चौथ्या दिवशी मानकरी देवळाकडे गेले. आम्ही शिवेवर उभे. पुतणी नखं खात होती, तिची आई डोळे मिटून. मग ढोल वाजला. उजवी पडली होती, तीही लगेच. भावाची बायको रडतच साडी घेऊन घराकडे धावली, तिच्यामागे कोंबड्यांच्या टोपल्या, गुरं, सगळा गाव.

माझ्या जिवात जीव आला आणि जिवाबरोबर शहाणपणही. देवळातून परतणाऱ्या गावकारांना मी गाठलं. "बघा काका, मी गेलो ते देवाने मनावर घेतलं नाही."

त्यांनी चालणं न थांबवता माझ्याकडे पाहिलं.

"अरे, देवान तुका माणसांत धरूकच नाय. पळणीत मांजरा मागे ऱ्हवतत, त्यांका कोण इचारता?"