चिऱ्यावरचा स्वार

आईच्या उजव्या डोळ्याची नजर आधीच गेली होती. डावाही फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिने एकच मागणं मागितलं. तिच्या बापाचा चिरा तिला एकदा बघायचा होता. आमच्यात माणूस गेला की त्याच्या आठवणीला कोरीव दगड उभा करतात, तो चिरा. आजोबांचा चिरा अंबाडी गावाच्या पलीकडे, तिच्या माहेरच्या पाड्यावरच्या जंगलात, ऐनाच्या झाडाखाली होता. तिचे गुडघे तिथला चढ चढणार नव्हते. माझा भिवंडीत फोटो स्टुडिओ. म्हटलं, भिंतीएवढा फोटो करून आणतो.

झिजलेलं कोरीवकाम फोटोत उठायला बाजूने उजेड टाकावा लागतो आणि कॅमेरा जराही हलून चालत नाही. म्हणून स्टँड आणि लाईट घेऊन गेलो. वनरक्षकाने पायथ्यालाच अडवलं. मोबाईलला कोणी हटकत नाही, पण स्टँड-लाईट म्हणजे शूटिंग, त्याला वनखात्याच्या ऑफिसची परवानगी लागते, असं त्याने समजावलं. इतकं नीट बोलला की भांडताही येईना.

ऑफिसात चित्रीकरण कशासाठी ते लिहायचं होतं. मी लिहिलं, आईला दाखवण्यासाठी. हे जाहिरातीत बसत नाही, अभ्यासातही नाही, साहेब दौऱ्यावरून आले की ठरवतील, असं कारकून म्हणाला. मी रोज जाऊ लागलो. एकदा तर सगळ्यांदेखत त्याचे हात धरले. तो ओशाळला, पण सही त्याची नव्हती. इकडे आई भिंत चाचपत मोरीकडे जायला लागली होती.

शेवटी मोबाईलवर फोटो काढून आणला. तिने फोन डोळ्याला चिकटवला.

"दगड हाय," ती म्हणाली. "वरचं काय दिसत न्हाय."

परवानगी आली ती एका दिवसाची. वनरक्षक सोबत आला, लाईट त्यानेच धरला. तिरपा उजेड पडला तसे दगडावर सूर्य-चंद्र उमटले, खाली घोड्यावरचा स्वार. मी पटापट फोटो काढले.

मोठा फोटो खाटेसमोर लावला आणि आईला धरून त्याच्यापुढे उभं केलं. कागदाला नाक लागेपर्यंत ती वाकली. मग हळूच तिने विचारलं, लाईट लावलास ना? ट्यूब तिच्या डोक्यावरच जळत होती.

ती खाटेवर बसली आणि सांग म्हणाली. मी एकेक सांगत गेलो. ती मान डोलावत होती.

"घोड्याचं तोंड कुठं हाय?"

"उजवीकडे."

तिची मान थांबली. "माझ्या बापाचा डावीकडं बघतो. ह्यो काकाचा. दोघांचे शेजारीच हायत."

शेजारी, गवतात कललेला आणखी एक दगड मी पाहिला होता. त्याच्यावर मी कॅमेऱ्याची बॅग ठेवली होती.

"मी परत अर्ज करतो, आई."

"आता कोनाला दाखवशील?" तिने विचारलं.

तरी सकाळी मी ऑफिसच्या दारात जाऊन उभा राहिलो. कारकुनाने मला ओळखलं, खुर्ची पुढे केली आणि साहेब आज आलेत म्हणाला.