वसुलीचे फोन लिहून घेणारे काका

ज्यांचं नावही मला ठाऊक नाही, त्यांच्याविषयी लिहितोय. चुकलं तर माफ करा.

कॉलेजनंतर मी दहिसरला एका झेरॉक्सच्या दुकानात बसतो. तिथे हे काका रोज वहीच्या एका पानाची झेरॉक्स काढायला यायचे. त्यांचे कर्जाचे हप्ते थकले होते आणि वसुलीवाले फोनवर घाण बोलायचे. काका तारीख, वेळ आणि शिवीसुद्धा वहीत लिहीत. शिवी इतक्या सुंदर अक्षरात कशाला, याचं मला नवल वाटायचं.

एकदा माझ्यासमोरच फोन आला. काका म्हणाले, "सावकाश बोला साहेब, लिहितोय. आपलं नाव?" पलीकडच्याने फोनच कापला.

"काका, फोन बंदच ठेवा ना," मी म्हणालो.

"ठेवला होता रे एकदा. तर लेकीच्या सासरी फोन केला त्यांनी. तेव्हापासून सासू तिच्याशी बोलत नाही. त्यापेक्षा माझ्यावर ओरडू दे. इथे लिहून तरी होतं."

हप्ता थकला तरी नातेवाइकांना छळायचा हक्क कुणालाच नाही, हे मला त्यांच्याकडून कळलं. सगळी पानं जोडून त्यांनी आधी कर्ज देणाऱ्या कंपनीकडे आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार केली. पुढे ते दुकानात दिसले नाहीत.

परवा मालकांनी सांगितलं, काकांनी भरपाई मागितलीच नाही. कंपनीचं माफीचं पत्र त्यांच्या लेकीच्या सासूच्या नावाने पोचलं आहे.