बांडाच्या बंदरातली गलबतं

सलेहा रेंगूर आणि मी रॉटरडॅमच्या एका लहानशा संग्रहालयात लोकांना जुनी चित्रं समजावून सांगायचो. त्यातलं एक चित्र तिच्या वडिलांचं फार लाडकं होतं. इंडोनेशियातल्या बांडा बेटाचं बंदर, मागे धुमसता डोंगर, पुढे शिडं फुगवून उभी डच गलबतं.

तिचे वडील, कासिमबापा, इंडोनेशियात डचांच्या फौजेत शिपाई होते. १९५१ साली सरकारने त्यांना बायकोसकट हॉलंडला आणलं आणि आल्या आल्या फौजेतून काढून टाकलं. परत जाणं झालंच नाही. बांडा त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. पूर्वज तिथून पळून जवळच्या कै बेटांवर आले, एवढंच ठाऊक. दर रविवारी ते कोट घालून यायचे आणि त्या चित्रासमोर बसायचे.

एका वसंतात संग्रहालयाने ठरवलं, चित्रांशेजारच्या माहितीच्या पाट्या नव्याने लिहायच्या. या चित्राची सलेहाकडे आली. तिने खरं ते लिहिलं : जायफळासाठी डच ईस्ट इंडिया कंपनीच्या अशाच गलबतांतून सैनिक उतरले, बेटावरची बहुतेक माणसं मारली, उरलेली गुलाम केली, थोडी समुद्रात निसटली.

पाटी लागली त्या रविवारी बापा आले. चष्मा पुसून त्यांनी ती दोनदा वाचली.

"नोना, पोरी, हे तू लिहिलंस?"

"हो, बापा."

"कोणी सांगितलं तुला?"

"तुमच्याच आजीचं गाणं आहे ना, होडीतल्या रडणाऱ्या बायकांचं? लहानपणी तुम्हीच म्हणायचात."

"गाणं वेगळं. ते घरात म्हणायचं असतं." त्यांनी चष्मा काढून खिशात घातला. "अकरा वर्षं मी या डचांची बंदूक वाहिली. दाखवतील त्याच्यावर झाडली. आता माझीच पोर भिंतीवर लिहिते, हे कोण होते ते. मग मी कोण गं?"

सलेहाने त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला. मी खुर्ची पुढे केली, ती त्यांना दिसलीच नाही.

त्यानंतर ते आले नाहीत. सलेहा जवळच्या रिडरकेर्क गावी त्यांच्या घरी जाऊन मासळीभात करून वाढायची, ते जेवायचे. पण तिच्याशी बोलणं तुटलं. "पाटी काढून टाकू का?" असं तिने एकदा विचारलं. ते ताट उचलून आत गेले.

फेब्रुवारीत त्यांना दवाखान्यात ठेवलं. ताप डोक्यात गेला होता. सलेहा उशाशी बसली होती, पण ती त्यांना परकी नर्स वाटली. साहेबाशी बोलावं तसं अदबीने डचमध्ये ते म्हणाले, "बाईसाहेब, एक काम कराल? माझी मुलगी संग्रहालयात असते. तिला निरोप द्या, तिने लिहिलंय ते खरंय. ये म्हणावं."

"मीच आहे हो, बापा!"

"नाही, तुम्ही नका तसदी घेऊ. ती येईल."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते दाराकडे बघत होते. मग गेले. सलेहा तेव्हाही त्यांच्या अगदी जवळ बसली होती.